प्रोस्पेरोची मिशी

"त्याला नवरा म्हणू नकोस, एदू. पगार घे, संवाद बोल, पण नवरा म्हणू नकोस."

इस्पितळातल्या खाटेवरून फिदेन्सियो हे बोलला तेव्हा त्याचं अर्धं तोंड लुळं पडलं होतं. त्याच तोंडाने अख्ख्या मेक्सिकोला पोट धरून हसवलं होतं. 'कोपऱ्यावरची औषधं' या मालिकेत तो औषधवाला प्रोस्पेरो आणि एदुविजेस त्याची बायको. त्याला झटका आला आणि पुढच्याच आठवड्यात निर्माता लेओबार्दोने प्रोस्पेरोचा चष्मा आणि खोटी मिशी उलीसेस नावाच्या नव्या नटाला चढवली.

"मिशी तीच, चष्मा तोच," लेओबार्दो म्हणाला. "कुणाला कळणार आहे?"

फिदेन्सियोने ते खाटेवर पडून टीव्हीवर पाहिलं. पावसाळा संपायच्या आत तो गेला.

मालिका बंद पडेपर्यंत एदुविजेसने उलीसेसला "ओ औषधवाले" याखेरीज हाक मारली नाही. लेखक कपाळाला हात लावायचे, प्रेक्षकांना वाटायचं हा विनोदच आहे. रोज पहाटे जपमाळ ओढताना ती साऱ्या जगासाठी मागणं मागायची. लेओबार्दोचं नाव ओठांवर आलं की मात्र मणी मुकाट्याने पुढे सरकायचा.

वर्षं लोटली. यंदा मृतांच्या दिवशी, गेलेल्यांसाठी वेदी मांडायच्या सणाला, वाहिनीने मालिकेच्या आठवणींचा थेट कार्यक्रम ठेवला. स्टुडिओत झेंडूने मढवलेली वेदी, गोड पाव, मेणबत्त्या आणि गेलेल्या कलाकारांचे फोटो. एदुविजेस लवकर पोचली, एक कललेलं फूल सारखं करायला वाकली आणि थबकली. मधल्या चौकटीत मिशी होती, चष्मा होता, पण तोंड उलीसेसचं होतं. मागे 'प्रोस्पेरो' लिहिलंय एवढंच बघून कुणीतरी फोटो उचलून आणला होता.

जिवंत माणूस वेदीवर! अशाला वर्षाच्या आत पलीकडून बोलावणं येतं, असं तिची आई सांगायची.

एक हाक मारली असती तर फोटो बदलला असता. तिने क्रूसाची खूण केली आणि रंगभूषेच्या खोलीत गेली.

तिथे उलीसेस बसला होता. थकला होता बिचारा. आज हौसेने पुन्हा ती मिशी लावून घेत होता.

"बाई, मी फिदेन्सियोंना कधी भेटलोच नाही. मिशीशिवाय कसे दिसायचे हो?"

"थडग्यावर फोटो आहे. कार्यक्रम झाला की दाखवते."

"नक्की?"

"शब्द दिला."

कार्यक्रम सुरू झाला. काळ्या सुटातला लेओबार्दो वेदीपुढे उभा राहिला, गळा दाटून आणून म्हणाला, "फिदेन्सियो, मित्रा, हा चेहरा हा देश कधी विसरणार नाही!"

कॅमेरा चौकटीवर गेला. कोचावरून उलीसेस हळूहळू उठला.

"साहेब... हा मी आहे."

प्रेक्षक खदखदून हसले. लेओबार्दोही हसला. उलीसेसने ओठावरची मिशी ओरबाडून काढली. "अहो, मी आहे! काढा मला तिथून!"

मग कुणी हसलं नाही.

"एदूबाई, तुम्ही सांगा ना काहीतरी," लेओबार्दोने माइक पुढे केला. "बायको ना तुम्ही त्याची!"

ती नेहमीच्याच हळू आवाजात बोलली. "फिदेन्सियोचा श्वास चालू होता, साहेब, तेव्हा तुम्ही त्याची जागा भरलीत. म्हणालात, कुणाला कळणार आहे? आता सगळ्यांना कळलं. तुम्हालाच तेवढं नाही कळलं."

घाईघाईने जाहिराती लावल्या गेल्या.

"आधीच पाहिलं होतंस तू! थेरडे, बोलली का नाहीस?" लेओबार्दो तिच्यावर खेकसला.

"तुमचं भाषण ऐकायचं होतं."

तिच्या छातीत कितीतरी वर्षांनी गार वाटलं. मग तिचं लक्ष वेदीच्या पायरीकडे गेलं. उलीसेस आपलाच फोटो मांडीवर पालथा धरून बसला होता. तो प्रार्थना पुटपुटत होता. लेओबार्दोला मारलेला घाव याच्याही वर्मी बसला होता. ती बघत राहिली. क्षमा काही तिने मागितली नाही.

"ऊठ," ती म्हणाली.

"कुठे, बाई?"

"दाखवते म्हटलं होतं ना."

"बसा जागेवर! जाहिराती संपतायत!" लेओबार्दो ओरडला. तिने शाल खांद्यावर घेतली, उलीसेसला कोपराशी धरून उठवलं आणि दाराकडे चालू लागली.