साय उतरली पाण्यावरती

"रेडिओ चालतो का हो?" मागच्या बाकावरून आजोबांनी विचारलं.

शववाहिका चालवणाऱ्या मामांनी आरशात पाहिलं. पूर्वी ते सहलीच्या बस चालवायचे. दिवसभर गाण्यांचा नुसता धुडगूस. या गाडीवर आल्यापासून मात्र त्यांनी रेडिओला हात लावला नव्हता. मागे कुणाचं माणूस असताना आपल्या तोंडाला कुलूप, हा त्यांचा नेम.

"चालतो, पण..."

"मग लावा की. हिला मुकाट गाडीत बसायचं अगदी जिवावर यायचं."

ही म्हणजे आजी. आजोबा आणि त्यांचा मुलगा यांच्यामध्ये पांढऱ्या चादरीखाली होत्या. इस्पितळातून निघाल्यापासून मुलगा फोनवरच होता. कोण निघालं, कोण पोचलं, कुणाला कळवायचं राहिलं. त्याने फोन खाली घेतला.

"बाबा, काहीतरीच काय! लोक काय म्हणतील?"

"लोकांचं सोड. तुझ्या आईचं बोलतोय मी."

मामांची पंचाईत झाली. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यांनी हळूच बटण फिरवलं. आधी खरखर, मग गादीची जाहिरात. मामा ओशाळून बंद करणार, इतक्यात एक जुनं गाणं लागलं.

'सांज उतरली पाण्यावरती...'

आजोबा चक्क हसले. "हे हिचं! पण शब्द कधी धड म्हटले असतील तर शपथ. 'साय उतरली पाण्यावरती' म्हणायची. मी म्हणायचो, अगं, पाण्यावर साय येईल कुठून? तर म्हणे, दूधवाल्याला विचारा."

मामांनाही हसू आवरलं नाही.

"चाल मात्र पक्की हं," आजोबा म्हणाले. "कारखाना बंद पडला, मी घरी बसलो. घरात कुणी कुणाशी बोलेना. आणि ही आपली भांडी घासता घासता गातेय. डोक्यात जायचं माझ्या. म्हटलं, हिला सुचतं तरी कसं! मग तापाने आजारी पडली, आवाज बसला. तेव्हा समजलं, त्या गाण्याच्या आधारानेच मी सकाळी अंथरुणातून उठत होतो."

मुलगा खिडकीबाहेर बघत होता. धृपद पुन्हा आलं तसा तोही नकळत गुणगुणू लागला, "साय उतरली..."

"सांज," आजोबा सवयीने म्हणाले.

"काय?"

"सांज आहे रे ते."

"मला... मला सायच वाटायचं. आत्तापर्यंत." तो एवढंच बोलला आणि त्याचा बांध फुटला. हातातला फोन वाजत राहिला. आजोबांनी चादरीवरून हात लांब करून त्याचं डोकं जवळ ओढलं.

"सायच," ते म्हणाले. "म्हण तू. साय." आणि फाटक्या आवाजात स्वतःच गायला लागले.

गाडी गल्लीत शिरली. दारापुढे शेजारीपाजारी खोळंबले होते. मामांचा हात बटणाकडे गेला.

"संपू दे," मुलगा म्हणाला.

मामांनी इंजिन बंद केलं, रेडिओ तसाच ठेवला. बाहेर लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"गाणं?" कुणीतरी कुजबुजलं.

"ऐका की," शेजारीण डोळे पुसत म्हणाली. "रोज हिच्याच खिडकीतून ऐकत आलो ना आपण?"

मग कुणीच हललं नाही. गाणं संपलं, बातम्या लागल्या. आजोबांनी चादरीची सरकलेली कड नीट केली.

"हं," ते मामांना म्हणाले, "आता दार उघडा."