रेषेपलीकडचं अनुमोदन

मुजिंगाचं पत्र महिनाभर लिव्हेनच्या शब्दकोशाच्या पानांत पडून होतं. त्यानं उत्तरं लिहिली आणि फाडली. निवृत्त ग्रंथपालाला प्रत्येक प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसत. हेच त्याचं दुखणं.

गावाच्या मधून सरहद्द जाई. चौकातल्या फरसबंदीवर पांढऱ्या फुल्यांची ओळ. अलीकडे नेदरलँड, पलीकडे बेल्जियम. लिव्हेनचं घर अलीकडे, मुजिंगाची बेकरी पलीकडे. तिनं लिहिलं होतं, "काका, वर्णद्वेषाविरुद्ध सगळ्या युरोपात एकच कायदा हवा, असा ठराव मी संयुक्त गावसभेत मांडतेय. रेषेपलीकडच्या एकाचं लेखी अनुमोदन लागतं. द्याल? नाही मिळालं तर दुकान बंद करून मी बहिणीकडे गेंटला जाईन."

सभा आज संध्याकाळी होती.

"कायद्यानं कुणाची जीभ सुधारलीय?" शेजारच्या टूननं कॉफी ढवळत विचारलं. "आणि लिस्बनपासून हेलसिंकीपर्यंत सगळ्यांना एकाच मापाची टोपी?"

"तेही खरंच," लिव्हेन पुटपुटला.

तेवढ्यात चौकात गलका झाला. दोघं दारात धावले. बेकरीसमोर एक दांडगा तरुण ओरडत होता, "ए काळे, जा आपल्या आफ्रिकेत!"

"अरे, मी याच गावात जन्मले!" मुजिंगा कडाडली.

बेल्जियन पोलीस धावला. पठ्ठ्यानं टुणकन उडी मारून फुल्या ओलांडल्या. "पकड आता, मामा!"

अलीकडचा पोलीस आला, तसा तो उडी मारून परत पलीकडे. "बोललो ते इकडे बोललो! तुझा काय संबंध?"

बेल्जियन पोलीस वळला, तशी पुन्हा अलीकडे उडी. या खेपेला रेषेपाशी आलेल्या टूननं हळूच पाय आडवा घातला. गडी धपकन रेषेवरच आडवा झाला. डोकं नेदरलँडमध्ये, पाय बेल्जियममध्ये.

"तोंड तुमच्याकडे पडलंय, तुम्हीच न्या!" बेल्जियन पोलीस म्हणाला.

"पण पळतात ते पाय तुमच्याकडे आहेत ना!"

चौक हसला. मुजिंगा हसली नाही. तिनं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

लिव्हेन गर्रकन वळला. "टून, जीभ नाही सुधारणार, कबूल. पण ही उडी तरी बंद होईल!"

त्यानं टेबलाशी जाऊन उभ्याउभ्याच अनुमोदनाच्या दोन ओळी लिहिल्या आणि खाली सही केली. या वेळी कागद फाडला नाही.

"परदेशी टपालाचं तिकीट लाव," टून चिडवत म्हणाला, "चार दिवसांनी समोर पोचेल. आणि थांब, माझीही सही घे!"

टूनची सही होताच कागद पाकिटात घालून लिव्हेन सपातांतच फुल्या ओलांडून धावला आणि अर्ध्या शटरखाली वाकून त्यानं पाकीट तिच्या दाराच्या फटीतून आत सरकवलं.