मथुरेचं लग्न ठरवलं कुणी?

जुना मित्र घरी आला की माणसाला आनंद व्हावा. पण काशिनाथ अंगणात शिरताना दिसला आणि सदानंदला वाटलं, हा आला नसता तर बरं. दोघे एमएस्सीला एकाच बाकावर बसलेले. काशिनाथ पुढे डॉक्टरेट करून बंगलोरला मेंदूविज्ञानाचा प्राध्यापक झाला आणि सदानंद तालुक्याच्या कॉलेजात बेडूक फाडून दाखवत राहिला. "नशीब एकेकाचं!" असं तो ज्याला त्याला सांगे.

कुणकेश्वरच्या जत्रेसाठी काशिनाथ गावी आला होता. कोकम सरबताचा घोट घेत त्याने विचारलं, "तुझ्या हाताखालच्या मथुरेन पीएचडीक माझ्याकडे अर्ज केल्यान. जागा एकच आसा. कसा आसा चेडू?"

मथुरा! किनाऱ्यावरून ताजी माकुलं, म्हणजे स्क्विड, आणून त्यांचा जाड मज्जातंतू अलगद सोडवणारी, त्याच्याच प्रयोगशाळेतली डेमॉन्स्ट्रेटर. म्हणजे आता हीसुद्धा पुढे जाणार!

"हुशार आसा रे," सदानंद म्हणाला, "पण लगीन ठरता तेचा. वर्सभरात सोडून जातला."

"मगे उगाच जागा कित्याक अडवची?" म्हणत काशिनाथ देवदर्शनाला निघून गेला.

सदानंदची बायको आनंदी पदराला हात पुसत बाहेर आली. "मथुरेचा लगीन कोणी ठरवल्यान? तिची आवस कालच माका सांगत होती, शिक्षाण होयसर लग्नाचो विषय नको म्हणान."

"तू गप रव गो. तुका ह्यातला काय कळता?"

"येवढा कळता, तुमच्या पोटात दुखता! काशिनाथाक काय नशिबान मिळाला? दोनदा तेचो अर्ज परत इलो, तरी तिसऱ्यांदा धाडल्यान. तुमी अर्ज तरी कधी केल्लास?"

नकार ऐकायच्या भीतीने सदानंदने पीएचडीसाठी आयुष्यात एकही अर्ज केला नव्हता!

आनंदीचा आवाज खाली आला. "भियान आपली वाट आपणच बंद केलास. आता त्या चेडवाची कित्याक बंद करतास? लगीन ठरता म्हटला की चेडवाक कोण परत विचारणत नाय. झिलाबद्दल असा कोण सांगता काय?"

सदानंदने चपला घातल्या आणि तो तडक निघाला. जत्रेच्या गर्दीत, समुद्राकडच्या पायऱ्यांवर काशिनाथ सापडला.

"काशिनाथ, मी खोटा बोललंय. मथुरेचा लगीन ठरूक नाय. माका तुझो हेवो वाटता रे. आता तिचोय वाटाक लागलो."

"तुझ्या सांगण्यावर मी तिचा नाव काटणार होतंय," काशिनाथ म्हणाला. आवाजातला राग त्याने लपवला नाही. "उद्या तिका बोलव. मीच बघतंय."

दुसऱ्या दिवशी मथुरेने दोन प्रश्नांना सरळ "ठाऊक नाही" म्हटलं. बाकीच्यांची उत्तरं अशी दिली की काशिनाथ खुर्ची पुढे ओढून बसला. जागा तिला मिळाली.

मथुरा बंगलोरला जाण्याआधी सदानंदने तिलाही सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सर, माझ्यामागून जी मुलगी येईल, तिच्याबद्दल तरी खरं सांगा."

वाचकहो, हेवा कुणाच्या मनात येत नाही? तो येतोच. पण आपण ज्या वाटेने चाललो नाही, त्या वाटेवर दुसऱ्यासाठी काटे पसरायचा हक्क आपल्याला कुणी दिला? आणि मुलींच्या भवितव्याबद्दल बोलताना तर जीभ दहादा आवरावी. आपण सहज बोलून जातो आणि कुणाचं तरी शिक्षण तिथेच थांबतं!