व्हरांडा मोकळा झाला

अतिदक्षता विभागाबाहेरचा व्हरांडा म्हणजे सगळ्यांच्याच डोक्याला ताप! स्ट्रेचर न्यायला वाट नाही आणि डॉक्टर बाहेर आले रे आले की त्यांच्याभोवती घोळका. तुम्ही-आम्हीही कधी ना कधी त्या घोळक्यात उभे राहिलोय.

तिथल्या मुख्य नर्सबाई नोकरी सांभाळून रुग्णालय व्यवस्थापनात मास्टर्स करत होत्या. "मॅनेजरीणबाई, चहा मिळेल का?" असं नवरा चिडवायचा. पदवी हातात पडली की बाईंची प्रशासनात बढती ठरलेली. प्रकल्पासाठी त्यांनी हाच व्हरांडा निवडला. उपाय अगदी सोपा काढला. तिथली बाकडी उचलायची! बसायला जागा नसली की माणसं आपोआप पांगतात. आणि खरंच पांगली. मोठे डॉक्टर खूश, कॉलेजातले सर त्याहून खूश.

मग बाईंच्याच वडिलांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते त्याच विभागात दाखल झाले. जरा उतार पडल्यासारखं वाटलं, म्हणून आईला तिथे ठेवून बाई प्रकल्प सादर करायला कॉलेजात गेल्या. पडद्यावर रिकाम्या व्हरांड्याचा फोटो झळकला आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या.

इकडे वडिलांनी डोळे उघडले. "हिला बोलवा," एवढंच म्हणाले. ड्यूटीवरची सिस्टर धावत बाहेर आली, तिने हाका मारल्या. व्हरांड्यात चिटपाखरूही नव्हतं. आईचे गुडघे दुखायला लागले होते, म्हणून ती खाली पार्किंगजवळच्या पायरीवर जाऊन बसली होती. तिला शोधून वर आणेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

बाई रडल्या नाहीत. सह्या केल्या, नातेवाइकांना फोन केले, आल्या-गेल्याला पाणी दिलं. "किती धीराची आहे हो!" लोक म्हणाले. धीर कसला? आत सगळं बधिर झालं होतं. जेवणाला चव आहे की नाही, तेही कळत नव्हतं.

काही दिवसांनी भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "तुमच्या त्या व्हरांड्यात टेकायलासुद्धा काही नाही, असं कसं गं?"

"मीच बाकडी काढायला लावली, आई."

"का?"

"गर्दी व्हायची."

आईचा हात थांबला. "अगं, ती गर्दी म्हणजे मीच की!"

बाईंनी हातातली जुडी खाली ठेवली.

"आपलं माणूस आत असताना आम्ही जायचं तरी कुठे?" आई म्हणाली. "आत काय चाललंय ते कोणी नीट सांगत नाही, म्हणून दाराला चिकटून बसतो. सांगा ना बाहेर येऊन! निम्मे लोक घरी जाऊन दोन घास खातील."

"चुकलं माझं."

"मला सांगून काय होणार? तुझ्या साहेबांना सांग जा!"

बाई गेल्या. आधी मोठ्या डॉक्टरांना सांगितलं, मग कॉलेजातल्या सरांना म्हणाल्या, "माझा प्रकल्प फसलाय, मी नवा करते." पदवी वर्षभर पुढे गेली, बढती दुसऱ्याला मिळाली. मोठे डॉक्टर कुरकुरले, पण बाकडी परत आली. ठरावीक वेळी बाहेर येऊन नातेवाइकांशी बोलायचं, असा नियमही झाला. पहिल्या दिवशी बाई स्वतः बाहेर आल्या आणि एकेकाशी बोलल्या. रडू मात्र अजूनही आलं नव्हतं.

वाचकहो, व्यवस्था लावायलाच हवी, त्याचं शिक्षणही घ्यायलाच हवं. पण कुणालाही 'गर्दी' म्हणून हटवण्याआधी एकदा विचारा, त्यात आपली आई असती तर ती कुठे बसली असती?