किनाऱ्याची सफाई

सरकारी कामाचा फोटो सोडला, तर माणूस फोटोत थोडा बरा दिसायलाच हवा, नाहीतर त्याने आरशातच बघावं, असं दादाचं सरळ म्हणणं होतं. त्याच्या स्टुडिओत शिरताना लोकांच्या चेहऱ्यावर मुरमं असत, डोळ्यांखाली काळं असे. फोटो हातात पडेपर्यंत ते सगळं गायब. या कामाला तो ‘सफाई’ म्हणे, आणि त्यात त्याचा हात धरणारा गावात दुसरा कोणी नव्हता. एका नवरदेवाचं टक्कल त्याने असं झाकलं होतं की त्याच्या सासूने तो फोटो पुन्हा पुन्हा बघितला म्हणे.

वर्षातून एकदा मात्र दुकान बंद करून तो समुद्रकाठी धाकट्या बहिणीकडे जायचा. कपड्यांची पिशवी एक आणि कॅमेऱ्याचं सामान तिच्या तिप्पट. पहिला दिवस बहिणीचा, दुसऱ्या दिवसापासून स्वारी खडकावर. बहीण चिडवायची, की तू नक्की मला भेटायला येतोस की त्या समुद्राला? त्यावर दादाकडे उत्तर तयार असे. वर्षभर ‘हसा, पण दात नको’ म्हणून घसा कोरडा पडतो. समुद्र बिचारा मला जरा बारीक दाखवा असं कधी म्हणत नाही.

बहिणीला सगळा किनारा ‘उस्ताद’ म्हणायचा. धक्क्याच्या टोकाला एक पत्र्याची शेड होती, तिथे ती होड्यांची इंजिनं दुरुस्त करायची. लग्नानंतर शेजारच्या म्हाताऱ्या मेस्त्रीकडे हौस म्हणून ती पाने-पकडी उचलून द्यायला लागली, आणि मेस्त्रीचे हात थरथरायला लागले तेव्हा शेड तिच्याकडेच आली. सुरुवातीला होडीवाले नाकं मुरडायचे, बाई आता इंजिन उघडणार का म्हणून. मग दोघातिघांनी हात टेकलेलं एक इंजिन तिने सुरू करून दाखवलं. आता लांबलांबच्या होड्या मुद्दाम वाट वाकडी करून तिच्याकडे यायच्या. तिचा नवरा, म्हणजे दादाचे दाजी, पोस्टात कारकून. संध्याकाळी ते शेडमध्ये बॅटरी धरून उभे राहायचे आणि मी उस्तादांचा असिस्टंट, असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐटीत सांगायचे.

एका वर्षी, इतकी वर्षं भाड्याने असलेली ती शेड बहिणीच्या मालकीची झाली. दादा परत निघाला तेव्हा तिने जन्मात पहिल्यांदा त्याच्याकडे काही मागितलं. पुढच्या खोलीत लावायला अख्ख्या किनाऱ्याचा एक मोठा फोटो हवा होता. दादाची छाती फुगली. त्याने निघणं लांबवलं, पहाटे टेकडी चढून मनासारखा उजेड येईपर्यंत ठाण मांडलं आणि घरी आल्यावर त्या एका फोटोमागे हात धुऊन लागला. दुकानाबाहेर गिऱ्हाइकं ताटकळत होती आणि हा आत लाटा उजळत बसलेला. बायकोने तर त्याचं जेवण कॉम्प्युटरपाशीच आणून ठेवायला सुरुवात केली.

पुढच्या वर्षी चौकटीत बसवलेला तो दाराएवढा फोटो घेऊन दादा बहिणीकडे उतरला. तिने होडीवाल्यांना चहाला बोलावलं होतं. कागद फाडला. मग जो तो काचेला नाक लावून आपापलं शोधू लागला. कुणाला स्वतःची होडी सापडली, कुणाला घराचं छप्पर. दादा हाताची घडी घालून मागे उभा होता आणि कौतुक दोन्ही कानांनी पीत होता.

सगळ्यात शेवटी बहीण पुढे झाली. तिने काचेवर बोट ठेवलं आणि धक्क्यावरून सावकाश पुढे नेलं. टोकाशी येऊन बोट थांबलं. तिथे स्वच्छ, सोनेरी वाळू होती.

“इथे शेड होती,” ती म्हणाली.

दादा खुशीत पुढे आला. हो, होती ना, काढली. गंजका पत्रा, ती निळी पिंपं, सगळा देखावा खात होती. शेजारच्या वाळूचा तुकडा तिथे बसवलाय, आणि जोड कुठे आहे ते कुणी शोधून दाखवावं, असं म्हणून त्याने स्वतःच बोटाने जोड दाखवला. दाजींना एकाएकी चहा कमी पडल्याचं आठवलं आणि ते आत गेले. बहीण चिडली नाही. फोटो सुरेख आलाय म्हणाली, भिंतीला टेकवून ठेवला आणि काम पडलंय म्हणून शेडकडे निघून गेली. भिंतीत खिळा आधीच ठोकलेला होता.

दादाला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. थोड्या वेळाने तो शेडमध्ये गेला, दारातच उभा राहिला. हाताला सवय लागलीये गं, असं काहीतरी तो पुटपुटला. बहिणीने मान वर केली नाही.

“दादा, दुकानात कुणी माझी चौकशी केली तर काय सांगतोस?”

“समुद्रकाठी असते म्हणतो.”

“आणि काय करते म्हणून सांगतोस?”

दादाला तिच्या कामाची लाज वाटत होती असं नव्हतं. पण अभिमानाने कधी सांगितलंय, हे आठवायला गेला तर एकही वेळ आठवेना.

“सवयीचंच आहे ते, कळतं मला,” ती म्हणाली. “तुझा हात फक्त डागावर जातो.” आणि ती पुन्हा इंजिनात वाकली.

तो घराकडे परत गेला नाही. इतक्या वर्षांत या शेडच्या वासाला टाळून तो थेट खडकांकडे जायचा. आज तिथेच एका पिंपावर बसला. बहीण इंजिनाला कान लावून ऐकत होती, आत हात घालून काही फिरवत होती, पुन्हा ऐकत होती. तिच्या दुप्पट वयाचा होडीवाला शेजारी उभा राहून, तेल वेळेवर बदललं नाही म्हणून, तिची बोलणी निमूट खात होता. मग इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं आणि सुरू झालं. पत्रा नुसता थरथरायला लागला. ही माझी बहीण, असं दादाच्या मनात इतक्या जोरात आलं की त्याचे डोळे भरून आले.

तो धावत जाऊन कॅमेरा घेऊन आला. टेकडी चढला नाही. शेडच्या समोरच वाळूत उभा राहिला. भिंगात पत्रा मावेना, समुद्राची मागे नुसती पट्टी उरली. बहीण हात पुसत दारात आली, थांब म्हणाली, केस तरी नीट करू दे. त्याने नको म्हटलं. आयुष्यभर लोकांना हनुवटी खाली घ्यायला लावणाऱ्या त्या माणसाने तिला दुसरी एकही सूचना केली नाही. तिने आपणहूनच मान ताठ केली.

स्टुडिओत परतल्यावर तो फोटो उघडला तेव्हा हात सवयीने गंजाकडे गेला, मग तिच्या गालावरच्या काळ्या वंगणाकडे. दादाने हात मांडीखाली दाबून ठेवला आणि फोटो होता तसा छापायला पाठवला. एक प्रत बहिणीकडे गेली. दुसरी त्याने दुकानाच्या दर्शनी काचेत लावली, गुळगुळीत नवरीमुलींच्या आणि बाळांच्या बरोबर मधोमध.

पहिल्याच आठवड्यात एक जुने गिऱ्हाईक, शाळेतले मास्तर, काचेसमोर थांबले. आत येऊन म्हणाले, फोटो झकास आहे, पण एवढा छान समुद्र आणि ही शेड नेमकी मध्ये आलीये. तुमच्या हाताला काय अवघड आहे, काढून टाका की.

“शेड मध्ये आलेली नाही, मास्तर,” दादा म्हणाला. “समुद्र मागे आलाय. दारात उभी आहे ना, ती माझी धाकटी बहीण. इंजिनं दुरुस्त करते.”