कुंपणाबाहेरची आत्सुमोरी

जून उजाडला आणि जपानच्या उत्तर टोकाच्या रेबुन बेटावर फोटोवाल्यांची झुंड उतरली, की ताझुकोला जेवण गोड लागत नसे. नवरा समुद्रातून कोंबू, म्हणजे खायचं शेवाळ, काढायचा आणि ही साठी उलटलेली बाई नऊ वर्षं फुकटात आत्सुमोरीची राखण करायची. दुधाळ रंगाचं, फुगीर ओठाचं हे फूल अख्ख्या जगात याच बेटावर उगवतं. नामशेष होऊ घातलेल्यांच्या सरकारी यादीत त्याचं नाव आहे, आणि या हावरटांना नेमकं तेच हवं असतं.

राखीव जागेच्या कुंपणाबाहेर, उत्तरेच्या उतारावर, एकच रोप उरलं होतं. बी पडल्यापासून फूल यायला दहा-बारा वर्षं लागतात. याला यंदा पहिलं आलं. बेटाच्या समितीने स्पष्ट सांगितलं होतं, तिथे या हंगामात आपसूक बी धरलं तर उतार राखीव करू, नाहीतर गाड्या लावायला सपाट करू. म्हणून ताझुको भुंग्याची वाट बघत होती आणि जागा कुणाला दाखवत नव्हती.

कुरामोचीला मात्र दाखवली. निवृत्त दंतवैद्य, गोड बोलणारा, दरवर्षी फोटो काढायला येताना राखणदारांसाठी मिठाईचा डबा आणणारा. एवढा सभ्य माणूस काय वाकडं करणार, असं तिला वाटलं.

उतारावर पोचताच त्याने खिशातून छोटी कात्री काढली आणि फुलाभोवतीचं गवत छाटायला घेतलं.

"अहो, हे काय करताय?"

"फोटोत मागे घाण दिसतं हो, ताझुको-सान. जरा हजामत केली की बघा कसं उठून दिसतं."

"त्या गवताच्या आडोशानेच तगलंय ते."

"पाचच मिनिटं. तुमच्यासारख्या जाणत्या बाईंना मी काय सांगणार?"

तो पालथा पडला. पोटाखाली रोपाचं एक पान चिरडलं. मग त्याने बाटलीतून फुलावर दव फवारलं, डोंगरभर धुकं असताना. ताझुकोला शिसारी आली. पण पाहुण्याला तोंडावर कसं बोलायचं?

शंभरेक फोटो झाल्यावर कुरामोची उठला, गुडघे झटकले आणि दोन बोटांनी फूल खुडलं.

"आता असा फोटो फक्त माझ्याकडे," तो खुशीत म्हणाला. "रोप आहेच की. पुढच्या वर्षी येईल पुन्हा."

नाक शिंकरलेला कागद टाकावा तसं त्याने ते फूल टाकून दिलं. भुंगा अजून फिरकलाही नव्हता. बी नाही, म्हणजे उतार गेला. पुढच्या वर्षी इथे डांबर असणार.

कुरामोचीने सामान आवरलं, टोपी काढली आणि कमरेत वाकला. "तुम्हाला फार त्रास दिला. मनापासून आभार."

या माणसाच्या तोंडावर थुंकावं, असं ताझुकोला वाटलं. तिने तोंड उघडलं.

"छे, त्रास कसला," ती म्हणाली. "सांभाळून उतरा हं, वाट निसरडी आहे."

आणि ती त्याच्याहून खाली वाकली. तिला स्वतःची इतकी किळस आली, की तो दिसेनासा झाला तरी मान वर करवेना.