जरा पलीकडे घ्या

अनंतराव मला पहिल्यांदा दिसले ते त्यांच्या फाटकासमोर खुर्ची टाकून बसलेले. बिबवेवाडीतल्या त्या गल्लीत नवी ड्रेनेज लाइन टाकायची होती, तीही रस्ता न फोडता. एका टोकाला खड्डा घ्यायचा आणि तिथून जॅकने पाइप जमिनीखालून रेटत दुसऱ्या टोकाला काढायचा. रेटायला जोर किती लागेल, हे आधी सांगणं माझं काम. त्यासाठी तीन जागी भोक पाडून खालची जमीन बघायची होती. मधलं भोक नेमकं अनंतरावांच्या फाटकासमोर येत होतं.

"इथे नाही," ते म्हणाले. "परवाच ब्लॉक बसवलेत. जरा पलीकडे घ्या."

रस्ता महापालिकेचा, ब्लॉक यांचे, आणि परवानगी कुणाचीच नाही. वर ही लाइन व्हावी म्हणून अर्जांवर अर्ज यांनीच केलेले. दर पावसाळ्यात गल्लीतलं सांडपाणी उलटं यांच्याच न्हाणीघरात यायचं. ते उपसायच्या त्यांच्या पत्नी कुसुमकाकू. अनंतराव तेवढ्या वेळात अर्ज लिहायचे.

"काका, भोक वीतभर रुंद आहे. ब्लॉक होते तसे बसवून देते."

"मी तीस वर्षं इथे राहतोय. खाली सगळा मुरूम आहे. मला शिकवू नका."

तीस वर्षं जमिनीच्या वर राहिलं की खालचं आपोआप कळतं, हे मला इंजिनिअरिंगला कुणी सांगितलंच नाही. उगाच चार वर्षं घालवली.

ठेकेदार सुदर्शन तर त्यांच्याहून शहाणा. "मॅडम, ॲडजस्ट करा ना. दोन्ही टोकांना मुरूम लागलाय, मध्ये काय सोनं लागणार आहे?"

शेवटी मधलं भोक चार घरं पलीकडे घेतलं; तिथेही मुरूमच लागला. मी जोराचा आकडा दिला आणि बजावलं, की फाटकाखालचं मला माहीत नाही, खडक निघाला तर हा आकडा कुचकामी. त्याने आकडा तेवढा घेतला. उरलेलं ऐकतंय कोण.

मे महिन्यात पाइप सुरेख निघाला आणि अनंतरावांच्या फाटकाखाली जाऊन अडला. जॅकचा काटा माझ्या आकड्याच्या दुप्पट गेला, जॅकच्या मागे टेकूला बांधलेली काँक्रीटची भिंत तडकली, पाइप काही हलेना. पुढे काळा खडक होता. आता वरून खोदून फोडल्याशिवाय इलाज नव्हता, आणि त्याची परवानगी येईपर्यंत जून संपत आला.

मला वाईट वाटलं का? काकूंसाठी फार वाटलं. अनंतरावांसाठी नाही, खोटं कशाला बोलू.

खड्डा आखायला गेले तेव्हा घाण पाणी न्हाणीघरातून व्हरांड्यात आलं होतं. काकू पदर खोचून खराट्याने ते बाहेर लोटत होत्या. मी फाटकासमोर चुन्याची रेघ मारली. खोलीएवढा खड्डा. ब्लॉक जाणार, फाटक बंद, गाडी महिनाभर आत.

अनंतराव खुर्चीतून उठले. "एवढा मोठा? आणि इथेच कशाला? जरा पलीकडे घ्या."

मी तोंड उघडणार तोच काकू बाहेर आल्या.

"पलीकडेच घेतलं होतं बाईंनी मागच्या वेळी," त्या म्हणाल्या, आणि खराटा नवऱ्याच्या हातात देऊन आत गेल्या.